फीशचा नवस

स्वित्झर्लंडमधील वालिस प्रांताच्या वरच्या अंगाला, रोन नदी अजून आपल्या बालपणात असताना ज्या अरुंद खोऱ्यातून धावत येते त्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून एक हजार मीटरांहून थोड्या अधिक उंचीवर फीश नावाचे गाव वसलेले आहे. शतकानुशतकांच्या उन्हाने काळीशार पडलेली लार्चच्या लाकडाची घरे, उंदराला धान्यापर्यंत पोचता येऊ नये म्हणून खांबांच्या माथ्यावर सपाट गोल दगड बसवून त्यांवर उभारलेली कोठारे, आणि अहोरात्र गर्जत जाणारा एक ओढा, असे या गावाचे पहिले दर्शन घडते. ओढ्याचे नाव वीसवासर, म्हणजे पांढरे पाणी. आणि या नावात अलंकार काही नाही. वर फीशरची हिमनदी आपल्या तळाचा खडक दळीत असते, त्या दळणाचे पीठ पाण्यात उतरते आणि ताकासारखे धुरकट झालेले ते पाणी गावाजवळून वाहत जाऊन रोनला मिळते. या गावच्या माणसांनी तीन शतकांहून अधिक काळ ज्या एका संकटासाठी देवाची करुणा भाकली त्या संकटाचा निरोप्या असा त्यांच्या दाराशी रात्रंदिवस बोलत होता.

गावातून वर जाणाऱ्या वाटा पुष्कळ आहेत. या देशात वाटेच्या फाट्यावर जी पिवळी पाटी असते तिच्यावर अंतर लिहिलेले नसते, वेळ लिहिलेला असतो: अमुक ठिकाणी दोन तास, तमुक ठिकाणी साडेतीन. डोंगरात अंतराला अर्थ नाही, श्रमाला आहे, ही गोष्ट पाटी लावणाऱ्याने ओळखलेली आहे, आणि ती पाटी वाचताना मला नेहमी बरे वाटते. फीशरआल्पच्या कुरणापर्यंत तारेच्या पाळण्यातून जाता येते. तेथून पुढे एक वाट डोंगराच्या पोटातून काढलेल्या सुमारे किलोमीटरभर लांबीच्या बोगद्याने मेर्येलेनच्या तळ्यांकडे निघते, तर दुसरी दगडधोंड्यांतून एग्गिसहॉर्नच्या शिखराकडे चढते. शिखराची उंची २९२७ मीटर. मी दुसऱ्या वाटेने गेलो. जूनअखेरचे दिवस होते. बर्फ नुकतेच सरकलेल्या जागी ओल्या मातीतून निळी फुले डोके वर काढीत होती, आणि खालच्या कुरणातील गाईंच्या गळ्यांतील घंटांचा नाद वाऱ्याबरोबर कधी जवळ तर कधी दूर होत होता. शेवटच्या खडकाला वळसा घातला आणि पलीकडची बाजू एकदम उघडी पडली.

पलीकडे अलेचची हिमनदी आहे. आल्प्समधील सर्वांत मोठी हिमनदी ती हीच. आजही तिची लांबी वीस किलोमीटरांच्या आसपास भरते. युंगफ्राऊ आणि म्योंख या शिखरांच्या पाठीशी साठलेले बर्फ तीन मोठ्या प्रवाहांनी येऊन कोंकोर्डिया नावाच्या विस्तीर्ण पटांगणात एकत्र होते. तेथे बर्फाची जाडी आठशे मीटरांच्या घरात आहे. तेथून एकाच संथ वळणाने ते खाली उतरते, आणि संगमाच्या जागी दोन्ही काठांनी आणलेला दगडगोटा मध्यावर येऊन पडल्यामुळे त्याच्या पाठीवर दोन काळ्या रेघा थेट शेवटपर्यंत समांतर उमटत जातात. संगमाला मिळणाऱ्या प्रवाहांपैकी एकाचे नाव, आपल्या भाषेत सांगावयाचे तर, शाश्वत हिमाचे शेत असे आहे. पाहणाराला हे सर्व निश्चल वाटते. परंतु हा पदार्थ चालतो. कोंकोर्डियाजवळ तर एका वर्षात जवळजवळ दोनशे मीटर चालतो. चालणारा पर्वत, असेच त्याला म्हटले पाहिजे, आणि ज्या माणसांच्या डोक्यावर असा पर्वत शतकभर जवळ जवळ येत होता त्यांच्या मनात काय चालले असेल याची कल्पना करावयाची तर प्रथम तेथे उभे राहिले पाहिजे.

सतराव्या शतकात आल्प्समधील हिमनद्या पुढे सरकत होत्या. ज्याला आज लघुहिमयुग म्हणतात त्या थंड काळाचा तो ऐन अंमल होता. कुरणे बर्फाखाली जात होती. मेर्येलेन येथे हिमनदीच्या भिंतीने अडविलेले जे तळे होते ते अधूनमधून बर्फाची भिंत फोडून एकाएकी रिकामे होई आणि खालच्या गावांत पुराचा लोंढा येई. १६५३ साली नाटर्सच्या लोकांनी सीडर्स येथील जेझुइट पाद्र्यांना पाचारण केले. पाद्री आले, मिरवणुकीने हिमनदीपाशी गेले, पवित्र जल शिंपडले आणि संत इग्नेशियसची प्रतिमा तेथे उभी केली. १६७८ साली फीश आणि वरच्या फीशरटाल या दोन गावांनी मिळून नवस केला. हिमनदीने पुढे येऊ नये, पुराने घरे आणि शेते नेऊ नयेत, एवढी त्यांची मागणी होती, आणि त्याबद्दल आपण सदाचाराने राहू व नेमाने प्रार्थना करू असे त्यांनी वचन दिले. पोप इनोसंट अकरावा याची त्या नवसाला संमती मिळाली. पुढे १८६२ साली नवसात वार्षिक यात्रेची भर पडली. जुलैच्या ३१ तारखेला, म्हणजे संत इग्नेशियसच्याच दिवशी, लोक गावातून निघत आणि रोन ओलांडून एर्नरवाल्डच्या रानातील चॅपेलपर्यंत प्रार्थना म्हणत जात.

मग हिमनदी मागे सरकू लागली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून आजपावेतो अलेचची हिमनदी तीन किलोमीटरांहून अधिक आखडली आहे. कोंकोर्डियाच्या काठावर गिर्यारोहकांसाठी १८७७ साली जी झोपडी बांधली ती त्या वेळी बर्फापासून सुमारे पन्नास मीटर उंचीवर होती. आज बर्फावरून त्या झोपडीत पोचण्याकरिता कड्याला ठोकलेल्या लोखंडी जिन्याच्या चारशेहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात. मेर्येलेनच्या तळ्याचा पूर टाळण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोठ्या कष्टाने एक बोगदा खोदण्यात आला. पुढे बर्फाची भिंतच इतकी खचली की अडविण्याजोगे तळेच उरले नाही, दोनचार लहान डोह उरले. आणि नवस मात्र चालू होता. हिमनदी मागे जावो, अशी प्रार्थना दर वर्षी म्हटली जात होती. शेवटी २००९ साली खोऱ्यातील लोकांनी रोमकडे अर्ज केला की आमच्या प्रार्थनेचा मजकूर बदलण्याची परवानगी असावी, हिमनदीपासून रक्षण करण्याऐवजी हिमनदीचेच रक्षण व्हावे असे आम्हांला मागावयाचे आहे. २०१० साली पोप बेनेडिक्ट सोळावा याच्या कारकिर्दीत त्या अर्जाला मंजुरी मिळाली.

ही हकीकत मी प्रथम ऐकली तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी काही जण हसले. त्यांचे म्हणणे काय असेल ते सांगितल्यावाचूनही कळते: पहिली प्रार्थना ईश्वराने ऐकली असेल तर आता उलट मागणे कृतघ्नपणाचे, आणि ऐकली नसेल तर दुसऱ्यांदा मागण्यात अर्थ काय? तर्काच्या दृष्टीने हा पेच घट्ट दिसतो, परंतु तो ज्या समजुतीवर उभा आहे ती समजूत मला कच्ची वाटते. प्रार्थना म्हणजे एका कचेरीत टाकलेली दरखास्त आणि जे घडते ते तिच्यावरचे उत्तर, असे धरून चालले तरच हा पेच पडतो. त्यातही हिमनदीच्या बाबतीत अशी पावती वाचणे कोणाही मनुष्याला शक्य नाही. हिमनदीच्या मुखाशी आज जे बर्फ वितळते ते पिढ्यान्पिढ्यांपूर्वी शिखरांवर पडलेले असते, आणि हवेच्या उष्णतेत आज जो फरक पडतो त्याचा पुरता हिशेब मुखाशी लागण्याला अनेक दशके जावी लागतात. १६७८ नंतर पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ बर्फ या खोऱ्यावर दाटूनच राहिले होते. यात्रा सुरू झाली त्या सुमारास ते मागे फिरले. श्रद्धाळूने यात ईश्वराचा हात पाहावा आणि संशयवाद्याने लघुहिमयुगाची समाप्ती पाहावी. पण जो इतक्या संथपणे उत्तर देतो त्याच्याशी बोलताना मागणाऱ्याची एक पिढी, दोन पिढ्या, दहा पिढ्या उत्तराविना जातात, आणि तरीही ते मागत राहतात. या मागत राहण्यातच या प्रश्नाचे मर्म आहे असे मला वाटते.

भगवद्गीतेने भक्तांचे चार प्रकार सांगितले: आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. पंडितांच्या चर्चेत यांपैकी आर्त आणि अर्थार्थी यांची थोडी उपेक्षाच होते. सकाम भक्ती म्हणून तिला पायरीवर बसविण्यात येते. परंतु गीतेने चौघांनाही उदार म्हटले आहे, ही गोष्ट विसरली जाते. फीशचे शेतकरी आर्त होते. ज्याच्या कुरणावर बर्फ चढत आले आहे त्याने निष्काम व्हावे असे सांगणे हे सुरक्षित माणसाचे तत्त्वज्ञान आहे. आणि त्यांच्या नवसाकडे नीट पाहिले तर त्याच्या दोन बाजू दिसतात. एका बाजूला याचना आहे, दुसऱ्या बाजूला स्वतःला घालून घेतलेले बंधन आहे. हिमनदी थांबो, ही याचना. आम्ही नीट वागू, हे बंधन. आपल्याकडेही नवस बोलणारी बाई देवीकडे नुसते मागत नाही, आपण काय करू तेही बोलते, आणि नवस फेडावा लागतो हे तिला पक्के ठाऊक असते. याचनेची भाषा काळाप्रमाणे बदलली तर बदलो. बंधनाचे काय झाले, हे विचारले पाहिजे.

रोमला अर्ज करण्याच्या कल्पनेवरही टीका होते. प्रार्थनेचे शब्द बदलण्यासाठी कोणा अधिकाऱ्याची मंजुरी कशाला? मला मात्र या लोकांच्या वर्तनात मोठी सचोटी दिसते. करारनामा दोघांत झालेला असताना एका पक्षाने आपल्या सोयीने त्यातील कलमे खोडावीत हे त्यांना गैर वाटले. शब्द बदलण्यापूर्वी विचारले पाहिजे असे ज्याला वाटते त्याच्या लेखी शब्दाला किंमत असते. आणि जुनी प्रार्थना चुपचाप सोडून देणे, किंवा ती अर्थ न पाहता पुटपुटत राहणे, हे दोन्ही मार्ग याहून कितीतरी सोपे होते.

शिखरावरून उतरून मी रीडरफुर्काच्या बाजूला गेलो. तेथे अलेचचे अरण्य आहे, १९३३ पासून संरक्षित. या अरण्यातील आर्वे नावाचे देवदारवर्गीय वृक्ष कित्येक शतके वयाचे आहेत. खोडे पिळवटलेली, वरच्या फांद्या विजेने जळालेल्या, आणि तरी एका बाजूने हिरव्या. या वृक्षाच्या बीला पंख नसतात, ते वाऱ्याने उडत नाही. काळसर तपकिरी अंगावर पांढरे ठिपके असलेला एक पक्षी शरदात ही बीजे काढून हिवाळ्याच्या सोयीसाठी हजारो ठिकाणी पुरून ठेवतो. बहुतेक त्याला पुन्हा सापडतात, थोडी राहून जातात, आणि त्या राहून गेलेल्या ठेव्यांतून हे सारे अरण्य उगवले आहे. अरण्यातून चालताना एका जागी जमीन एकदम बदलते. वर घनदाट जुने वृक्ष, आणि खाली एका सरळ रेषेपासून कोवळे लार्च, भूर्ज, गुलाबी फुलांची झुडपे, मग नुसते राखाडी दगड. १८६० च्या सुमारास बर्फ जेथवर पोचले होते तेथे ही रेषा आहे. नदीचा पूर ओसरल्यावर घाटाच्या भिंतीवर चिखलाची खूण राहावी तशी ती संपूर्ण दरीच्या कडेने गेली आहे, आणि आजचे बर्फ पाहावयाचे तर त्या रेषेवरून खूप खाली वाकून पाहावे लागते. हिमनदीने आजवर दरीच्या भिंतींना टेका दिलेला होता. तो टेका निघाल्यामुळे मोसफ्लूच्या उतारावर डोंगराचा एक मोठा भाग सरकू लागला; २०१६ च्या शरदात तो इतक्या वेगाने सरकला की तेथील पायवाटा बंद कराव्या लागल्या. ज्याची पूर्वजांनी भीती धरली त्यानेच डोंगर धरून ठेवला होता.

वाटेत एका जुन्या पाटाच्या काठाने चालण्याचा योग आला. वालिसचे खोरे कोरडे आहे. पर्वतांच्या भिंतींमुळे पाऊस तेथे कमी पोचतो, आणि म्हणून मध्ययुगापासून तेथील लोकांनी कड्यांच्या अंगाखांद्यावरून पाट काढून हिमनदीचे पाणी कुरणांपर्यंत आणले. या पाटांना ते सुओने म्हणतात. काही ठिकाणी उभ्या कड्याला लाकडी पन्हाळी टांगलेल्या असत आणि त्या दुरुस्त करताना माणसे दरीत पडत. पाण्याची पाळी ठरलेली असे, आणि कोणाच्या वाट्याला किती वेळ पाणी याची नोंद कागदावर नव्हे तर लाकडी काठ्यांवर खाचा पाडून ठेवीत. त्या काठ्यांना टेसले म्हणतात. धुळ्याकडे पांझरेच्या काठी फड पद्धतीने पाणी वाटून घेणाऱ्या शेतकऱ्याला या व्यवस्थेतील काहीही समजावून सांगावे लागणार नाही. तेव्हा हिमनदी फीशच्या माणसाला केवळ भयाचा विषय होती असे समजू नये. उन्हाळ्यात जेव्हा सर्व झरे आटत तेव्हा जे पाणी कुरणाला मिळे ते तिचेच. ते तिच्यापासून रक्षण मागत होते आणि तिच्याच पाण्यावर जगत होते, आणि या दोहोंत त्यांना विरोध वाटला नाही, जसा समुद्राला नारळ वाहणाऱ्या कोळ्याला वाटत नाही.

आता बंधनाकडे येतो. १६७८ च्या माणसाची अशी समजूत होती की आपल्या आचरणाचा आणि बर्फाच्या चालीचा संबंध आहे. गावात पाप वाढले म्हणून बर्फ आले, आणि सदाचाराने ते परतेल. पुढच्या दोन शतकांत सुशिक्षित जगाने या समजुतीला अज्ञान ठरविले, आणि भौतिकशास्त्राच्या दृष्टीने ते योग्यच होते; नाचगाण्याने आणि मद्यपानाने हिमनदी हलत नाही. परंतु आज ज्यांनी हिमनद्यांची मोजदाद आयुष्यभर केली ते शास्त्रज्ञ आपल्याला सांगतात की मनुष्याच्या आचरणाचा आणि बर्फाच्या चालीचा संबंध खरोखरच आहे. तो कोळशाच्या आणि तेलाच्या धुरातून पोचतो. २०१९ साली झुरिकच्या संशोधकांनी केलेल्या गणिताप्रमाणे, तापमानवाढ पॅरिसच्या करारातील मर्यादेत राखली तरीही या शतकाच्या अखेरपर्यंत अलेचचे निम्म्याहून अधिक बर्फ जाईल, आणि न राखली तर जवळजवळ सर्वच जाईल. म्हणजे त्या निरक्षर शेतकऱ्याने कारण चुकीचे सांगितले होते, पण संबंध सांगितला होता तो खरा ठरला. मला हे फार विचार करण्याजोगे वाटते. आपण कसे वागतो याचा परिणाम थेट पर्वतापर्यंत जातो, ही जाणीव ज्या समाजात तीनशे वर्षे जिवंत राहिली तो समाज आपल्या काळाला समजून घेण्यास इतरांपेक्षा अधिक तयार आहे.

मात्र एक भेद मोठा आहे आणि तो कष्टदायक आहे. जुन्या नवसात पाप करणारा आणि भोगणारा एकच होता; गाव चुकले, गावाने भोगले, गावाने व्रत घेतले. आज फीशच्या गावकऱ्याने उद्यापासून चूल पेटविली नाही तरी अलेचचे बर्फ एका बोटाने वाढणार नाही. पाटाच्या पाण्याची खाच काठीवर पाडता येत होती, हवेतील वाट्याची खाच पाडण्याला काठी नाही. धूर कोणी केला याची यादी जगभर पसरलेली आहे. तीत मी आहे, हा लेख वाचणारा आहे, आणि मला त्या डोंगरावर नेणारे विमान आहे. तेव्हा नव्या प्रार्थनेत हे लोक कोणाच्या वतीने उभे राहतात? बहुतेक अशांच्या वतीने, ज्यांना आपण या प्रार्थनेत सामील आहोत हे माहीतही नाही. जी प्रार्थना स्वतःच्या कुरणासाठी सुरू झाली ती परक्यांच्या अपराधाचे प्रायश्चित्त होऊन बसली आहे. सकाम आणि निष्काम या शब्दांनी आखलेली रेषा येथे पुसट होते. मागणे सकामच आहे, बर्फ राहावे असेच ते मागतात. पण मागणाऱ्यांतील बहुतेकांना हेही ठाऊक आहे की आपल्या हयातीत ते वाढलेले दिसणार नाही. फळ दिसणार नाही हे जाणून केलेल्या सकाम प्रार्थनेला कोणते नाव द्यावे, हे मला ठरविता आलेले नाही.

या खोऱ्यात परार्थ प्रार्थनेची एक फार जुनी कथा आहे. वालिसच्या लोकांची श्रद्धा अशी की मृतांचे जीव आपल्या पापांचे क्षालन होईपर्यंत अलेचच्या हिमनदीत राहतात. त्यांचे शुद्धिस्थान अग्नीचे नाही, बर्फाचे आहे. ते इतक्या दाटीने असतात की बर्फावर पाऊल टाकावे तर कोणाच्या ना कोणाच्या मस्तकावर पडते, असे जुने लोक सांगत. हिमनदीच्या काठी एका जुन्या लाकडी घरात श्मिट्या नावाची एक वृद्ध विधवा राहत असे. हिवाळ्याच्या रात्री ती उशिरापर्यंत सूत काती आणि कातताना त्या जीवांसाठी प्रार्थना करी. निजण्यापूर्वी ती दाराची कडी काढून ठेवी, म्हणजे थंडीने गारठलेल्या त्या जीवांना आत येऊन शेगडीपाशी ऊब घेता यावी. ते येत, तिला त्यांच्या पावलांची चाहूल लागे, आणि पहाटे निघून जात. ती वारली त्या रात्री तिच्याजवळ बसलेल्या माणसांनी खिडकीतून पाहिले तर तिच्या दारापासून थेट हिमनदीपर्यंत दिव्यांची एक लांबच लांब रांग वर चढत चालली होती.

१९२६ च्या मार्च महिन्यात शेजारच्या ल्योचेन्टाल खोऱ्यातील तीन भाऊ या हिमनदीवर गेले आणि परत आले नाहीत. त्यांचा शोध लागला नाही. २०१२ च्या उन्हाळ्यात बर्फ पुष्कळ खाली गेलेले असताना, वरून चाललेल्या गिर्यारोहकांना काही अस्थी, बूट आणि इतर वस्तू उघड्यावर पडलेल्या आढळल्या. नातलगांच्या डीएनएशी ताडून पाहता ते तेच तिघे भाऊ ठरले. शहाऐंशी वर्षांनी हिमनदीने त्यांना खाली आणून ठेवले होते. एर्नरवाल्डच्या चॅपेलमध्ये बाकावर बसलो असताना माझ्या मनात हीच गोष्ट घोळत होती, आणि जुन्या श्रद्धेच्या एखाद्या माणसाला विचारावे असे वाटत होते की सगळे बर्फ सरले म्हणजे त्या जीवांनी रात्री कोठे जावयाचे. चॅपेलमध्ये त्या वेळी दुसरे कोणी नव्हते. दार उघडेच होते, आणि बाहेरून खोऱ्यातील पाण्याचा एकसुरी आवाज आत येत होता.